एक मोठं लॉक गेलं, त्या जागी चार आली

कंपायलरची तक्रार एका ओळीची होती. ज्या स्ट्रक्चरमध्ये आमच्या ड्रायव्हरची ओपन, रीड वगैरे फंक्शनं नोंदवलेली असतात, त्यात 'आयऑक्टल' (प्रोग्रामने कार्डाला हुकूम सोडायची वाट) नावाचं फील्डच नाही, असं त्याचं म्हणणं. लिनक्सच्या २.६.१८ च्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, ते फील्ड होतं, ३.१० वर नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. भोसरीतली आमची छोटी कंपनी कंपनं मोजणारी पीसीआय कार्डं बनवते. गिअरबॉक्स किंवा इंजिन टेस्ट-बेडवर चढवायचं, त्याला सेन्सर चिकटवायचे आणि सोळा चॅनलचा डेटा कार्डामार्फत पीसीत घ्यायचा. एका पीसीत चार-चार कार्डंही असतात. ड्रायव्हर लिहिणारे गृहस्थ कधीच कंपनी सोडून गेले होते आणि ड्रायव्हर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ वर (कर्नल २.६.१८) बिनबोभाट चालत होता. मग एका गिऱ्हाइकाने सगळे पीसी बदलले, रेड हॅट ७ (कर्नल ३.१०) टाकलं, आणि 'जरा कंपाइल करून द्या' असा निरोप आला. 'जरा' या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही.

ते गायब फील्ड म्हणजे बिग कर्नल लॉकचा, म्हणजे बीकेएलचा, शेवटचा मोठा आसरा होता. (लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी.) लिनक्स १९९६ साली, २.० या आवृत्तीपासून, एकाहून जास्त प्रोसेसरवर चालायला लागलं. तेव्हा मार्ग सोपा निवडला होता: कर्नलच्या आत एका वेळी एकच प्रोसेसर, बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. कोकण रेल्वेला रोह्यापासून ठोकूरपर्यंत सगळ्या मार्गाला मिळून एकच टोकन दिलं, तर टक्कर कधीच होणार नाही; पण दिवसातून गाड्या किती सुटतील? २.२ पासून एकेका उपप्रणालीला स्वतःची लॉकं मिळत गेली आणि मोठं लॉक मागे हटत गेलं. तरी टर्मिनलचा कोड, फाइल लॉकचा कोड आणि असंख्य ड्रायव्हरांचे आयऑक्टल त्याच्याच आधाराने राहिले. कर्नल स्वतःच लॉक घ्यायचा, मग तुमचं फंक्शन बोलवायचा, आणि परत आल्यावर सोडायचा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा.

२.६.११ मध्ये 'अनलॉक्ड_आयऑक्टल' आला, म्हणजे लॉक न घेता बोलावला जाणारा. २००८ मध्ये, २.६.२७ च्या वेळी, जोनाथन कॉर्बेट यांनी कॅरॅक्टर डिव्हाइसच्या (आमच्या कार्डासारख्या उपकरणांच्या) ओपनवरचं मोठं लॉक काढून ते एकेका ड्रायव्हरच्या आत ढकललं. २.६.३६ मध्ये जुना आयऑक्टल गेला. आणि मे २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ साठी आर्न्ड बर्गमन यांनी लॉकची फाइलच पुसून टाकली. त्या कमिटचं शीर्षक 'बीकेएल: दॅट्स ऑल, फोक्स'. आमचा ड्रायव्हर कर्नलच्या झाडाबाहेरचा, म्हणजे अधिकृत सोर्स कोडमध्ये नसलेला, त्यामुळे झाडातल्या ड्रायव्हरांची जी सोय या मंडळींनी लावून दिली ती आमची कोणी लावली नव्हती.

झाडातल्या बऱ्याच ड्रायव्हरांना त्यांनी काय केलं ते मी आधी बघितलं. पुष्कळ ठिकाणी अगदी यांत्रिक बदल होता: ड्रायव्हरपुरतं एक म्युटेक्स (छोटं, स्वतंत्र लॉक) जाहीर करा आणि मोठं लॉक मागणारं 'लॉक_कर्नल' दिसेल तिथे ते घ्या. माझ्या हाताखाली नुकताच लागलेला एक मुलगा होता. त्याला म्हटलं, अगदी हेच कर, काय मोडतं ते बघू. त्याने एका दुपारीत करून दिलं. कंपाइल झालं, मॉड्यूल चढलं, पहिला सॅम्पल आला.

"मॅडम, झालं की!"

"स्टॉप दाबून बघ."

स्टॉप दाबला आणि प्रोग्राम गोठला. किल केला, मरेना. किल नऊ दिला तरी मरेना. दोन मिनिटांनी लॉगमध्ये ओळ आली की अमुक टास्क (चालू प्रोग्राम) १२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलेला आहे, आणि खाली स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी. स्टॅकच्या वरच्या टोकाला म्युटेक्स लॉक, त्याच्या खाली आमचं स्टॉप फंक्शन, त्याच्या खाली आमचाच आयऑक्टल. आयऑक्टलने म्युटेक्स घेतलं होतं, त्याने स्टॉपला बोलावलं, आणि स्टॉपने तेच म्युटेक्स पुन्हा मागितलं. स्वतःच स्वतःची वाट बघत बसला होता.

जुन्या कोडमध्ये हे चालायचं, कारण मोठं लॉक एकाच टास्कने कितीही वेळा घेतलं तरी चालत असे. कर्नल फक्त खोली मोजायचा. आणि स्टॉपमध्ये ते घ्यायला कारणही होतं, कारण फाइल बंद होतानाही स्टॉपला बोलावलं जायचं आणि त्या वाटेवर कर्नल स्वतः लॉक घेत नसे. यावर उतारा सगळ्यांना माहीत असलेलाच: आतलं काम करणारं, लॉक धरलेलं आहे असं गृहीत धरणारं एक फंक्शन, नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर, आणि बाहेरून बोलावण्यासाठी लॉक घेणारं दुसरं. अशी पाच-सहा जोडपी झाली. कंटाळवाणं काम, पण डोक्याला ताप नाही.

ताप पुढे होता. आमच्या कार्डाला ट्रिगरची वाट बघण्याची सोय आहे. प्रोग्राम एक आयऑक्टल करतो आणि इंजिनचा वेग ठरलेल्या पातळीला येईपर्यंत झोपून राहतो. कार्डाचा इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) आला की उठतो. त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडवर (समांतर धाग्यावर) 'रद्द' बटण असतं. म्युटेक्स घातल्यावर वाट बघणारा थ्रेड म्युटेक्स उशाशी घेऊन झोपायचा, आणि रद्द करणारा दाराबाहेर उभा. ट्रिगर आलाच नाही तर दोघेही कायमचे तसेच.

मोठ्या लॉकचा सगळ्यात विचित्र स्वभाव हाच होता. ते धरून टास्क झोपला की शेड्यूलर (प्रोसेसर कोणाला द्यायचा हे ठरवणारा) ते गुपचूप सोडून द्यायचा, आणि टास्क उठला की परत मिळवून द्यायचा. कोडमध्ये याची एकही खूण नाही. फंक्शन वाचलं तर वाटतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपण एकटेच आहोत. प्रत्यक्षात मधल्या कुठल्याही झोपेत चार जण येऊन सामान हलवून गेलेले असू शकतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असंच जे एक मोठं लॉक होतं, 'जायंट' नावाचं, त्याचाही स्वभाव हाच. रायझरएफएस या फाइल सिस्टिममधून मोठं लॉक काढताना फ्रेडरिक वाइसबेकर यांना थांबण्याच्या जागा शोधून तिथे नवं लॉक हाताने सोडावं लागलं होतं, तेही याच कारणाने. तो बदल २.६.३३ मध्ये आला. मी ते पॅच वाचून काढले, आणि खरं सांगायचं तर आमच्या कामाचा नकाशा मला तिथेच मिळाला.

म्हणून मग आम्ही लॉक कुठे घेतलं जातं हे शोधणं सोडलं आणि झोप कुठे लागू शकते हे शोधायला लागलो. छापील कोड टेबलावर पसरून, हिरव्या पेनाने. स्पष्ट झोपा सोप्या: ट्रिगरची वाट, डेटाची वाट. मेमरी मागणं हीही झोप असू शकते. यूझरच्या मेमरीतून कॉपी करणं हीसुद्धा, कारण मेमरीचं ते पान जागेवर नसेल तर पेज फॉल्ट होतो, म्हणजे ते येईपर्यंत थांबावं लागतं. कागद बराच हिरवा झाला.

ट्रिगरच्या जागी आम्ही झोपण्याआधी म्युटेक्स सोडलं आणि उठल्यावर परत घेतलं. पण नुसतं परत घेऊन भागत नाही. मधल्या काळात कोणी कार्ड थांबवून नव्या सेटिंगने पुन्हा चालू केलं असेल तर? म्हणून प्रत्येक स्टार्टला वाढणारा एक आकडा ठेवला. झोपण्याआधी तो टिपून ठेवायचा, उठल्यावर पडताळायचा, बदलला असेल तर एरर देऊन परत फिरायचं. हे लिहिताना लक्षात आलं की जुन्या ड्रायव्हरमध्ये हे भोक पहिल्यापासून होतं. एका गिऱ्हाइकाची जुनी तक्रार होती, रात्रभराच्या टेस्टमध्ये कधीमधी पहिला ब्लॉक आधीच्या गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा त्या सेटिंगचा) येतो म्हणून. आम्ही केबल बदलून दिल्या होत्या.

आता कॅलिब्रेशनची गोष्ट, ती मला या सगळ्यात सर्वात आवडते. कॅलिब्रेशनमध्ये कार्डावरचे रिले एकेक करून फिरवायचे असतात, आणि रिले स्थिर होईपर्यंत काही मिलिसेकंद थांबायचं असतं. जुन्या लेखकाने तिथे 'एमडिले' वापरलं होतं, म्हणजे प्रोसेसरला गरागरा फिरवत ठेवून वेळ काढायची. कोणीही नवशिका सांगेल की मिलिसेकंदांसाठी असं करू नये, 'एमस्लीप' वापरावं. आमच्या पोराने तेच सांगितलं. पण त्या ओळीवर एक जुनी कॉमेंट होती: 'इथे झोपू नका, गेन बदलतो.'

त्या माणसाला मोठ्या लॉकचा स्वभाव माहीत होता! झोपलं तर लॉक सुटणार, दुसरा प्रोग्राम येऊन गेन बदलणार आणि कॅलिब्रेशन बिघडणार. म्हणून त्याने जागं राहून वेळ काढली. त्याची किंमत मात्र अख्ख्या मशीनने मोजली. रेड हॅट ५ वर कॅलिब्रेशन चालू असताना टर्मिनलमध्ये टाइप केलेली अक्षरं अडखळत उमटायची, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं आणि 'कार्ड बस अडवतं' असं त्याचं पिढीजात स्पष्टीकरण होतं. बस वगैरे काही नाही. २.६.१८ मध्ये टर्मिनलचं वाचणं-लिहिणंही त्याच मोठ्या लॉकखाली होतं. आमचं कार्ड रिलेची वाट बघत लॉक धरून बसायचं आणि दुसऱ्या प्रोसेसरवरचा टर्मिनल ताटकळायचा. म्युटेक्स झोपेत सुटत नाही. ट्रिगरच्या जागी ज्या गुणाने आमचा घात केला, त्याच गुणाने इथे काम झालं: एमडिलेचं एमस्लीप केलं, जुनी कॉमेंट काढली आणि तिथे तिचा इतिहास तीन ओळींत लिहून ठेवला.

लॉक किती बारीक करायची, यावर आमची थोडी खडाजंगी झाली. पोराचं म्हणणं, चॅनल सोळा आहेत तर प्रत्येक चॅनलला एक म्युटेक्स देऊ. कागदावर छान दिसतं. मी हार्डवेअरवाल्या काकांकडे गेले. (सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणते, मालकसुद्धा.) त्यांनी ड्रॉइंग उलगडलं आणि बोट ठेवलं: दोन चॅनलचा गेन एकाच रजिस्टरमध्ये आहे, खालचे चार बिट एकाचे, वरचे चार दुसऱ्याचे. "चिप स्वस्तातली मिळाली होती तेव्हा," म्हणाले. म्हणजे एका चॅनलचा गेन बदलायचा तर रजिस्टर वाचायचं, चार बिट बदलायचे, परत लिहायचं. शेजाऱ्याने त्याच क्षणी तेच केलं तर एकाचा बदल वाहून जाणार. चॅनलनिहाय लॉक नुसतं अनावश्यक नव्हतं, चुकीचं होतं. आणि मुळात एका कार्डाचा गेन एका वेळी दोन जण बदलतायत असं टेस्ट-बेडवर घडतच नाही. भांडण होतं ते कार्डाकार्डांमध्ये. कार्डाला एक म्युटेक्स, बस्स.

इंटरप्टचं प्रकरण वेगळं. मोठं लॉक इंटरप्टपासून कधीच वाचवत नव्हतं, आणि म्युटेक्स तिथे घेताच येत नाही कारण इंटरप्ट हँडलर झोपू शकत नाही. जुना कोड बफरचे निर्देशांक बदलताना फक्त स्वतःच्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करायचा. एका प्रोसेसरच्या जमान्यात ते पुरेसं होतं. इंटरप्ट शेजारच्या कोअरवर आला तर त्याचा काही उपयोग नाही. तिथे स्पिनलॉक घातलं, म्हणजे न झोपता, जागीच फिरत वाट बघायचं लॉक. स्पिनलॉक धरून यूझरला डेटा कॉपी करता येत नाही, म्हणून रीड तीन टप्प्यांत झालं: लॉक घेऊन निर्देशांक टिपा, सोडा, कॉपी करा, परत घेऊन निर्देशांक पुढे सरकवा. आता मधल्या टप्प्यात दुसरा रीड घुसला तर तोच डेटा दोघांना मिळेल. म्हणून रीड करणाऱ्यांसाठी आणखी एक म्युटेक्स, आणि ते कार्डाच्या म्युटेक्सपासून वेगळं, म्हणजे रीड चालू असताना स्टॉप अडणार नाही. कार्डांची यादी सांभाळायला एक. झाली चार.

एकापेक्षा जास्त लॉकं आली की क्रम आला. एकाने अ घेऊन ब मागायचं आणि दुसऱ्याने ब घेऊन अ, की दोघेही अडकले. लॉक एकच असताना हा प्रश्नच नसतो. क्रम आम्ही स्ट्रक्चरच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवला: यादी, रीड, कार्ड, स्पिनलॉक. आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला रेड हॅटचा डीबग कर्नल चढवला, ज्यात 'लॉकडेप' चालू असतं. इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांनी लिहिलेलं हे यंत्र २.६.१८ पासून कर्नलमध्ये आहे. प्रत्यक्ष अडकायला लागत नाही. कुठल्या लॉकनंतर कुठलं घेतलं हे ते टिपत जातं, आणि उलटा क्रम एकदा जरी दिसला तरी बोंब मारतं.

आम्हाला वाटलं होतं, आपला क्रम स्वच्छ आहे. एम-मॅपची (कार्डाचा बफर थेट प्रोग्रामच्या मेमरीत दाखवण्याची) टेस्ट चालवली आणि लॉगमध्ये 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड'. खाली दोन रकान्यांचा तक्ता, डावीकडे प्रोसेसर शून्य, उजवीकडे प्रोसेसर एक, आणि तळाशी तारे काढून 'डेडलॉक'. एक लॉक आमच्या कार्डाचं. दुसरं आमचं नव्हतंच: 'एम-मॅप_सेम', प्रोसेसच्या मेमरी नकाशाचं लॉक.

पोरगा म्हणाला, "पण हे आपण कुठे घेतोय?"

आपण घेत नव्हतो, आपल्यासाठी घेतलं जात होतं. चॅनलचा तक्ता सेट करणारा आयऑक्टल कार्डाचं म्युटेक्स घेऊन यूझरकडून तक्ता कॉपी करायचा. त्या कॉपीत पेज फॉल्ट झाला की कर्नलला एम-मॅप_सेम लागतं. उलट बाजूने, यूझरने एम-मॅप केलं की कर्नल एम-मॅप_सेम आधी घेतो, मग आमचं फंक्शन बोलावतो, आणि ते कार्डाचं म्युटेक्स मागतं. दोन थ्रेडांनी नेमक्या वेळी हे केलं तर संपलं. फॉल्ट होण्याचीही गरज नाही, होऊ शकतो एवढ्यावर लॉकडेप पकडतं. प्रत्यक्षात हे वर्षातून एकदा एखाद्या गिऱ्हाइकाकडे रात्री झालं असतं आणि आम्ही पुन्हा केबल बदलल्या असत्या. जुन्या ड्रायव्हरमध्ये हाच उलटा क्रम होता, पण एम-मॅप_सेमसाठी टास्क झोपला की मोठं लॉक सुटायचं आणि गाठ आपोआप उकलायची. मोठ्या लॉकला नावं ठेवताना हेही लक्षात ठेवायला हवं की त्याने कित्येक वर्षं अशा गाठी पोटात घातल्या.

उपाय: आयऑक्टलमध्ये आधी कॉपी, मग तपासणी, मग म्युटेक्स. एम-मॅपमध्ये लॉकच नको, कारण कार्ड उघडं असेपर्यंत बफरचा पत्ता बदलत नाही. तसा नियमच केला आणि बफरचा आकार बदलणारा एक जुना, कोणी न वापरणारा आयऑक्टल काढून टाकला. लॉकडेपची एक गंमत अशी की पहिली तक्रार केली की ते स्वतःला बंद करून घेतं; दुसरी ऐकायची तर रीबूट. त्यामुळे दुरुस्ती, रीबूट, चहा, पुढची तक्रार असा दिनक्रम काही काळ चालला. बाकीच्या तक्रारी किरकोळ होत्या.

शेवटी चार कार्डं लावून, चारही बाजूंनी गेन बदलत, मध्येच रद्द करत, प्रोग्राम मारत टेस्ट चालू ठेवली आणि कुठल्या लॉकवर किती थांबावं लागलं हे मोजणाऱ्या 'लॉक_स्टॅट' मधून बघितलं. कार्डाच्या म्युटेक्सवर रांग जवळजवळ नाहीच. स्पिनलॉकवर थोडी दिसली. पोराला तेही घालवून लॉकशिवाय निर्देशांक ठेवायचे होते. मेमरी बॅरिअरचं (मेमरी वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखण्याचं) पान उघडून बसलाही होता. मी नको म्हटलं. सॅम्पल हरवत नव्हते, आणि तो कोड पुढे कोण सांभाळणार हा प्रश्न मला जास्त मोठा वाटला. तो अजून मधूनमधून विषय काढतो.

नवा ड्रायव्हर त्या गिऱ्हाइकाकडे गेला. मग लक्षात आलं की म्युटेक्स कर्नलमध्ये २.६.१६ पासून आहे आणि अनलॉक्ड_आयऑक्टल त्याच्याही आधीपासून, म्हणजे हाच कोड थोड्या इफडेफवर (कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे कोड निवडणाऱ्या अटींवर) रेड हॅट ५ वरही चालेल. चालला. जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं की नवी आवृत्ती फुकट देतो, टर्मिनल अडखळायचा थांबेल, पहिल्या ब्लॉकचा घोळही जाईल. बहुतेकांनी घेतली. एका टेस्ट-बेडवरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "आत्ता चालतंय ना?" म्हटलं, चालतंय. "मग नका हात लावू."